कमी किमतीचं कारण

ता. ४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी करते, कारण पुढे भांडण आहे. तुझ्याशी नाही, सरकारशी. पण तू नोंदणी कचेरीत जन्म काढलास, तेव्हा ऐकून तूच घ्यायचं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून हा कागद.

आम्ही घर घेतोय. घ्यावंच लागतंय. सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचं माझं दुकान ज्या गाळ्यात आहे, तो मालकाच्या मुलाला रिकामा हवाय. गेल्या आठवड्यात तो आला आणि गिऱ्हाइकाचा तयार सोफा त्याने सुऱ्याने उभा फाडला. आई आडवी गेली, तर तिला असं ढकललं की शिलाई मशीनच्या कडेवर कपाळ आपटलं. टाके पडले. माझ्या हातात खिळ्यांचा हातोडा होता, तो मी त्याच्या अंगठ्यावर घातला. मोडला. अंगठा मोडला, हातोडा शाबूत आहे. पोलीस म्हणाले, दोघांनी आपसात मिटवा, आणि तुम्ही मे अखेर गाळा सोडा. म्हणजे मिटलं ते त्याचंच.

तर घर. खाली दुकानाजोगी मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. विकणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक आहे. हळू बोलतो, आईचे डोळे फुकट तपासून दिले त्याने. बायको सोडून गेली, एकट्याला घर खायला उठतं, म्हणतो. भाव बत्तीस लाख. त्या गल्लीत एवढ्यात कुणी गोठा देणार नाही. मी लगेच हो म्हटलं आणि दोन लाख इसार दिला.

आणि आता दलाल सांगतो, मुद्रांक शुल्क बत्तीसवर नाही, शेहेचाळीसवर भरायचं. का, तर सरकारच्या तक्त्यात त्या गल्लीचा दर तेवढा आहे. मामा, मी देते बत्तीस आणि कर शेहेचाळीसचा? सहा टक्क्यांनी चौऱ्याऐंशी हजारांचा फरक पडतो. तेवढ्यात जाड कापडाची नवी मशीन येते. ही कुठली तऱ्हा? नीट समजावून सांग, आणि तुझी ती कचेरीची भाषा नको.

आई बरी आहे. टाक्यांना खाज सुटते म्हणून मला शिव्या देते.

तुझी ठिणगी

ता. ११ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं नाव मी ठेवलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि शेजाऱ्याच्या मुलाला चावली होतीस. अजून बदल नाही. अंगठा मोडल्याबद्दल तुला शाबासकी देणार नाही. अक्काला सांग, खाजवू नकोस.

आता नीट ऐक. घर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना सरकार जो कर घेतं, तो मुद्रांक शुल्क. नोंदणीची फी निराळी. कर घेताना सरकार दोन आकडे शेजारी मांडतं: तुम्ही आपसात ठरवलेला आणि त्याच्या तक्त्यातला. जो मोठा, त्यावर कर. हे असं का? लोक सोन्यासारखे आहेत म्हणून. कागदावर वीस लिहायचे, बाकीचे पंधरा पिशवीतून द्यायचे, आणि साहेबांसमोर दोघांनी गरीब गायीसारखं उभं राहायचं, हे मी रोज बघितलंय. या लबाडांना आवर घालायला तक्ता आला आणि त्यात तुझ्यासारखी खरं बोलणारी भरडली जाते.

पण खऱ्यालाही वाट आहे, फक्त कुणी तिकडे जात नाही. नोंदणीच्या आधी मूल्यांकनाचा अर्ज कर. लिही की आमचा व्यवहार खरोखर बत्तीसचा आहे, घराची किंमत ठरवून द्या. मग एक अधिकारी येतो, घर मोजतो, बघतो, आणि विकणाऱ्याला नोटीस काढतो: कमी किमतीचं कारण लेखी सांगा. भिंतीला तडा, गटार तुंबतं, भाडेकरू हटत नाही, काहीही असेल. पटलं, तर तो आकडा खाली आणतो आणि कर त्यावरच बसतो.

तेव्हा आधी कारण शोध. चौदा लाख कुणी उगाच सोडत नाही. शेजारीपाजारी विचार. आणि कर ठरेपर्यंत त्या चष्मेवाल्याला आणखी दमडी देऊ नकोस.

मामा

ता. २२ फेब्रुवारी

मामा,

अर्ज दिला. मूल्यांकनाचे साहेब तरुण आहेत, नाकासमोर चालणारे; तुझ्यासारखेच, प्रत्येक कागदाला तीनदा टाचणी टोचतात. आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणतो. चष्मेवाल्याला नोटीस गेली.

आणि गंमत बघ. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात हजर. हसतच. म्हणाला, ताई, कशाला सरकारला घरात घेता? ते चौऱ्याऐंशी हजार मी देतो, तुम्ही अर्ज मागे घ्या. आई म्हणाली, देवमाणूस आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. जाताना त्याने हात मिळवला आणि माझं मनगट धरलं. हसत होता, पण सोडेना. बोटं बधिर झाली तेव्हा सोडलं. वर म्हणतो, तुमच्या हातात ताकद आहे, कामाचा हात. रात्री बघितलं तर त्याच्या बोटांचे निळे वळ उठलेत.

समोर कपडे रंगवणारी बाई राहते. तिला विचारलं, घर स्वस्त का. तिने दार लावून घेतलं. मी ऐकते थोडीच, मागच्या दाराने गेले. मग बोलली. म्हणे, त्या घरातून ओरडणं यायचं. आठवड्यातून एकदा तरी. घर बघायला आलेले चौघे गल्लीत चौकशी करून परत गेले. तुम्हीच पहिल्या, ज्यांनी आधी पैसे दिले आणि मग विचारलं.

काय करू? त्याचे पैसे घेऊ का? चौऱ्याऐंशी हजार आयते मिळतायत.

ठिणगी

ता. १ मार्च

ठिणगे,

अजिबात घ्यायचे नाहीत. विकणारा घेणाऱ्याचा कर भरतो, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. तो काहीतरी दडवतोय.

करारनाम्याची जी नक्कल तू पाठवलीस ती मी भिंग लावून वाचली. तू वाचली नाहीस, उघड आहे. मालक दोन आहेत: तो आणि त्याची बायको, निम्मे-निम्मे. तिच्यावतीने तोच सही करणार, कारण तिने त्याला मुखत्यारपत्र दिलंय, म्हणजे 'माझ्या जागी हा सही करेल' असा नोंदवलेला कागद. आता लक्षात आलं? बाई रुसून माहेरी बसली आहे. नवरा तिच्या अपरोक्ष घर विकून टाकतोय आणि नोटीस तिच्या हाती पडली तर ती भाव वाढवून मागेल, ही त्याला भीती. ओरडण्याचं म्हणशील, तर नवरा-बायकोची भांडणं कुठल्या घरात होत नाहीत?

यावर उपाय सोपा आहे. मोजणीसाहेबांना अर्ज दे की नोटीस दुसऱ्या मालकालाही तिच्या सध्याच्या पत्त्यावर पाठवा. नियमात बसतं. काय हिशोब करायचा तो तिने आत्ताच करावा. नंतर कोर्टात खेचाखेची होण्यापेक्षा हे बरं.

आणि मनगटाला हळद-बिळद काही लावू नकोस, बर्फ लाव.

मामा

ता. १२ मार्च

मामा,

तू सांगितलंस तसं केलं. रंगारीण बाईंकडे पत्ता होता. बायको तिच्या भावाकडे राहते, तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. नोटीस गेली आणि उलट टपाली उत्तर आलं: मी येते. एवढंच. किंमत वाढवण्याबद्दल एक अक्षर नाही. साहेबांनी पाहणीची तारीख पंचवीस दिली आहे.

चष्मेवाल्याला ते कळलं. दुकानात आला होता. थोडी बाचाबाची झाली, विशेष काही नाही.

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. काल जिन्यावरून पडले. डोळा सुजलाय, एकाच डोळ्याने लिहितेय.

एक विचारू? तू लिहिलंस, भांडणं कुठल्या घरात होत नाहीत. आपल्या घरात होत होती. आई पातेलं आपटायची आणि बाबा अंगणात जाऊन बसायचे. चौघं गिऱ्हाइकं पळून जातील असं कधी झालं नाही.

ठिणगी

ता. १७ मार्च

ठिणगे,

जिन्यावरून पडलीस म्हणजे नक्की जिन्याशी भांडली असशील. अजून घर घेतलं नाहीस तर ही तऱ्हा; दोन मजली घेतल्यावर रोज एक डोळा सुजेल. चांगल्या डोळ्याने पायऱ्या बघत चाल.

आता पाहणीच्या दिवशी काय करायचं ते सांगतो. तोंड बंद ठेवायचं. हे तुला अवघड आहे, तरी. साहेबांना खोलीखोलीतून फिरू दे. जे जे मोडलेलं, नव्याने बसवलेलं, बुजवलेलं असेल ते दाखव. दुरुस्ती म्हणजे दोष, दोष म्हणजे किंमत कमी. ती बाई आली आणि काही दाखवू लागली तर अडवू नकोस. घरात राहिलेल्या माणसाला दोष जास्त ठाऊक असतात. ती जितकं दाखवेल तितका तुझा कर उतरेल.

अक्काला सोबत ने. तिच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही.

मामा

ता. २९ मार्च

भाऊ,

अक्षर माझं आहे. पोरीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तीन बोटं मोडलीत. जिवाला धोका नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

ती जिन्यावरून पडली नव्हती. तो मेला दुकानात शिरला, आतून शटर ओढलं, तिचे केस धरले आणि तोंड कापायच्या टेबलावर आपटलं. दोनदा. म्हणाला, नोटीस मागे घे. मी मागच्या खोलीत होते, बाहेर येईपर्यंत तो शटर उचलून चालता झाला. मामाला लिहिशील तर बघ, असं तिने मला बजावलं. तू तिकडे तडफडशील आणि करू काही शकणार नाहीस म्हणून. मी ऐकलं. ऐकायला नको होतं. पोलिसांकडे गेलो, तर ते म्हणाले, तुमच्यावर आधीच अंगठा मोडल्याची तक्रार आहे, मावशी, जपून.

पंचवीसला मोजणीसाहेब आले. त्यांच्यासोबत एक शिपाई होता. चष्मेवाला इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा, सगळ्यांना खुर्च्या देतोय. मग ती आली. भाऊ, पस्तीशीची असेल, पण चालणं माझ्यासारखं. समोरचे दात नाहीत, त्यामुळे शब्द नीट उमटत नाहीत. तिला बघून तो म्हणाला, बरी आहेस ना? इतक्या मायेने, की साहेब हसले.

साहेबांनी त्याला विचारलं, कमी किमतीचं कारण? तो म्हणाला, पैशांची निकड. साहेब लिहायला लागले, तर ती म्हणाली, मी सांगते. या.

आणि तिने घर दाखवायला सुरुवात केली. घर दाखवतात तसंच. स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी नवी आहे. म्हणाली, जुनी माझ्या डोक्याने फुटली. न्हाणीघराला आतून कडी नाही. म्हणाली, मी आत कोंडून घ्यायचे म्हणून त्याने उपटली, आणि उपटली त्याच पकडीने हे दात. जिन्याचा कठडा नवा. म्हणाली, जुन्या कठड्यासकट मी खाली आले, पाचवा महिना होता. वरच्या खोलीची एक खिडकी विटांनी बुजवली आहे. साहेब आपले नेहमीच्या सवयीने पुटपुटले, खिडकी बंद, उजेड कमी. ती म्हणाली, उजेडाचं नाही, साहेब. गल्लीत आवाज जायचा.

साहेबांचं लिहिणं थांबलं होतं. ती म्हणाली, लिहा ना.

चष्मेवाला मागे उभा राहून हसत होता. म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या, औषध चालू आहे. मग ती वळली आणि त्याच्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, किंमत कमी का, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही कुणालाही विचारा. लिहून देतील.

ते लिहून देतील म्हणाली आणि त्याचं हसू गेलं. त्याने तिचा गळा धरला आणि डोकं त्या बुजवलेल्या खिडकीवर आपटलं. पुन्हा आपटलं. चार माणसांसमोर, भाऊ, सरकारी माणसांसमोर. जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. शिपाई दारात थिजला. साहेब 'अहो, अहो' करत होते. पोरगी धावली, त्याच्या पाठीवर चढली, कान चावला. त्याने तिला झटकून दाराबाहेर फेकलं, तिने आत यायला चौकट धरली आणि त्याने दार लोटलं. बोटं मोडल्याचा आवाज मला आला. तो मी विसरणार नाही.

साहेबांचा पोलादी टेप जमिनीवर पडला होता, चांगला अर्ध्या विटेएवढा. मी तो उचलला आणि त्याच्या नाकावर घातला. नाक बसलं. दुसऱ्यांदा घातला तेव्हा तो बसला. तिसऱ्यांदा शिपायाने माझा हात धरला आणि साहेब म्हणाले, मावशी, तो सरकारी टेप आहे.

या वेळी पोलिसांना लिहून घ्यावं लागलं, कारण साक्षीदार सरकारचाच. त्याला नेलं. ती बाई इस्पितळात आहे, डोक्याला टाके आहेत, पण शुद्धीवर आहे. तिच्या खाटेशी मीच बसते. बोलत नाही फारशी.

तुझी पत्रं मी आज सगळी वाचली. 'ती जितकं दाखवेल तितका तुझा कर उतरेल' हेही वाचलं. तुला माहीत नव्हतं, ते मला कळतं. तरी राग आला, तो लिहिते.

अक्का

ता. ४ एप्रिल

अक्का आणि ठिणगी, दोघींनी वाचावं.

मला दोन दिवस लिहायला सुचलं नाही. पोरीचा डोळा सुजला होता आणि मी त्यावर विनोद करत होतो. मला तिचं पत्र नीट वाचता यायला हवं होतं. करारनामा भिंग लावून वाचला, ते वाचलं नाही.

ठिणगे, तो अर्ज मागे घे. आजच्या आज. पूर्ण शेहेचाळीस लाखांवर कर भर आणि मोकळी हो. चौऱ्याऐंशी हजार मी पाठवतोय, सोबत चेक आहे. तुला माहीत आहे मी बसचं तिकीटसुद्धा दोनदा वापरायला बघतो, तेव्हा मी काय म्हणतोय ते समज. त्या बाईच्या जखमा मोजून आपल्याला सूट नको. मला अन्न गोड लागत नाही.

बाकी व्यवहाराचं. मुखत्यारपत्र तिने रद्द करावं, ती स्वतः सही करेल. तिच्या हिश्शाचा चेक वेगळा, तिच्या नावाने, तिच्या हातात. त्याच्या हातात एक पैसा तिचा जाता कामा नये. तो विकायला आता नाही म्हणेल असं वाटत असेल तर काळजी करू नकोस. वकिलाची फी भरायला त्याला घर विकावंच लागेल.

मी आलो असतो. डॉक्टरने प्रवासाला मनाई केली आहे. पण आलो असतो तरी काय केलं असतं? अक्कानेच केलं जे करायचं ते.

मामा

ता. २० मे

मामा,

दोन बोटं सुटली, तिसरी अजून वाकत नाही. चिमटीत पेन धरून लिहितेय, तेव्हा अक्षराला हसायची तुला परवानगी आहे. सुई अजून धरता येत नाही. कापड आई चढवते आणि मी शेजारी बसून चुका काढते. ती मला टेपने मारायची धमकी देते.

अर्ज मी मागे घेणार होते. तू सांगितलंस म्हणून नव्हे. मलाही तुझ्यासारखंच वाटलं. मी चांगलं वाग‌तेय असं वाटून थोडी फुगलेही होते. मागे घ्यायचा कागद तयार करून इस्पितळात गेले आणि तिला म्हटलं, ताई, तुमच्या दुःखावर मला सूट नको.

ती चिडली. मामा, तिला चिडताना मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "सूट तुमची असेल, लिहिणं माझं आहे. पोलिसांकडे मी तीनदा गेले, त्यांनी लिहिलं नाही. डॉक्टरने लिहिलं, तोल जाऊन पडली. भावाने सांगितलं, कुठे बोलू नकोस. वही उघडून घरातून फिरलेला पहिला माणूस तो तुमचा मोजणीसाहेब. आणि तुम्ही त्याला सांगणार, खोडून टाका? तुमचं मन स्वच्छ राहावं म्हणून?"

मी तो कागद तिथेच फाडला. डाव्या हाताने फाडता येईना, तर तिने फाडून दिला.

मग साहेबांनी पुन्हा सुनावणी ठेवली. रंगारीण बाई आली. माझा विश्वास बसेना, पण आणखी सात घरं आली. जे दार लावून घेत होते ते सगळे. एकेकाने सांगितलं, काय ऐकलं, कधी ऐकलं, आणि घर बघायला आलेल्यांना आपण काय सांगितलं. एक म्हातारे रडायला लागले. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. मला त्यांची दया आली नाही. एवढे कान त्या गल्लीत होते आणि एकजण धावून आला नाही; त्याने खिडकी उगाचच बुजवली, असं वाटून माझं डोकं फिरलं. पण तू म्हणतोस तसं तोंड बंद ठेवलं.

निकाल आला: किंमत एक्केचाळीस लाख. शेहेचाळीस नाही आणि बत्तीसही नाही. दुरुस्त्यांचे काही धरले, आणि उरलेल्याचं कारण साहेबांनी सरळ लिहिलं आहे की या घरात मालकीणबाईला तिचा नवरा वर्षानुवर्षं मारहाण करत होता, ते परिसरात सर्वांना ठाऊक होतं आणि म्हणून गिऱ्हाईक मिळत नव्हतं. खाली सही, शिक्का. तिने त्याच्या चार नकला मागितल्या. एक तिच्या वकिलाला, एक पोलिसांना, एक त्या डॉक्टरला नेऊन दिली. चौथी तिच्याकडे आहे.

कराचे तीस हजार वाचले. ते मी तिला दातांसाठी देऊ केले. मला वाटलं, नको म्हणेल. तिने घेतले आणि मोजून पर्समध्ये टाकले. भाव मात्र तिने वाढवून मागितला नाही. मागितला असता तर मी अडकले असते, हे तुला सांगायला हरकत नाही. तिला सांगितलं नाही. तुझा चेक परत पाठवतेय. आई म्हणते ठेव, तो पुन्हा देणार नाही.

काल नोंदणी झाली. चष्मेवाला जामिनावर आहे. वकील एका बाजूला, हवालदार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये नाक तिरकं बसलेला तो. आईने ते नाक निरखून बघितलं आणि म्हणाली, आणखी डावीकडे घालायला हवा होता. त्याने आधी सही केली आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं.

मग ती. तुझ्या कचेरीतल्यासारखाच कारकून होता. समोर कागदांचा ढीग, मागे रांग, मान खाली. बोटाचा ठसा घेतला, फोटो काढला, आणि पान उलटता उलटता विचारलं, सही स्वखुशीने करताय ना?

ती गप्प राहिली. त्याने पुन्हा विचारलं, मान खालीच. रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं. मला वाटलं, घाबरली. मी पुढे होणार तेवढ्यात तिने डावा हात त्याच्या कागदांवर ठेवला, तळवा वर करून. मी तो हात तोवर पाहिला नव्हता, ती मूठ मिटलेलीच ठेवते. तळव्यावर शेगडीच्या बर्नरचा गोल उठलेला आहे, कातडी चकाकते.

म्हणाली, "मुखत्यारपत्राच्या वेळी याच टेबलावर तुम्ही मला हेच विचारलं होतं. त्या दिवशी सकाळी त्याने हा हात विस्तवावर धरला होता. फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून पाणी गळत होतं, तुमच्या कागदावर डाग पडला. मी हो म्हणाले आणि तुम्ही शिक्का मारलात. आता आधी वर बघा. मग विचारा."

मामा, त्याच्या हातातला शिक्का तसाच राहिला. बराच वेळ त्याला जमेना, हाताकडेच बघत राहिला. मग त्याने मान वर केली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

ती हो म्हणाली.

तुझी ठिणगी